दुसरी हक्कसोड

आमच्या घरात रेंज येत नाही. पठारावरची बरीच घरं अशीच. गच्चीवर जायचं, पाण्याच्या टाकीला पाठ लावून बसायचं आणि तोंड उत्तरेला करायचं, मग कुठं फोनमधलं माणूस हलल्यासारखं न दिसता बोलल्यासारखं दिसतं. २०२४ च्या मार्चपासून दर गुरुवारी दुपारी चारला मी तिथं बसत आले. सुरुवातीला शेजारच्या जाऊबाईंनी विचारलं, "आक्का, कुनाशी बोलती गं एवढं? अन् डोळं का पुसती मधी मधी?" मी म्हणाले, "विम्यावाली हाय. कागदपत्राचं विचारती." साठी उलटलेल्या बाईनं खोटं बोलू नये, पण खरं काय सांगणार? की मी नाशिकच्या एका पोरीला तासाला हजार रुपये देते आणि ती मला सख्ख्या भावाला माफ कसं करायचं ते शिकवते? अख्खं गाव हसलं असतं. माफ करायला पैसे लागतात होय?

तर आधी भावाचं सांगते.

आमचे आबा गेले २०१३ च्या जानेवारीत. ते साल पारनेर तालुक्यातल्या कुणालाही वेगळं सांगावं लागत नाही. गावात टँकर, जनावरं छावणीत, विहिरींचे तळ उघडे. दहाव्याला भाताचा गोळा ठेवला तर कावळासुद्धा पाण्याच्या वाटीकडं आधी वळला. आई आधीच गेलेली. मागं आम्ही तिघं: दादा, मी आणि धाकटी. जमीन नऊ एकर, सगळी जिराईत, एक विहीर आणि बांधाला लिंबाची चार झाडं. तेराव्यानंतर महिना-दीड महिन्यानं दादाचा फोन आला. "वारस नोंद करायचीय बाई. आधार कार्ड आन, दोन फोटो आन. पारनेरला ये." धाकटी मुंबईहून आली. आम्ही तिघं स्टँडजवळ चहा प्यालो, आबांच्या आठवणी काढून रडलो, मग कचेरीत गेलो. सह्या केल्या, अंगठे उठवले. समोरच्या माणसानं विचारलं, "राजीखुशीनं करताय ना?" मी म्हणाले, "हो." दादानं दोघींना लुगडं घेतलं, हातावर पाचशेची नोट ठेवली आणि एस.टी.त बसवून दिलं.

पुढच्या वर्षी आमच्या घरच्यांना डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून दोनदा नगर. हे मूळचे गिरणी कामगार, १९८२ च्या संपानंतर गावी आलेले, हातात काही शिल्लक नाही. माझा अंगणवाडीचा पगार म्हणजे, पगार म्हणायलाही लाज वाटावी, त्याला सरकारही मानधनच म्हणतं. माहेरच्या तीन एकरांवर काही उभं करता येईल का बघावं म्हणून सातबारा काढला. त्यावर माझं नाव नव्हतं. धाकटीचंही नव्हतं. फेरफार नोंदीत लिहिलं होतं, नोंदणीकृत हक्कसोडपत्र.

मी तशीच दादाच्या दारात गेले. तो बैलांना वैरण टाकत होता. त्यानं मान वर केली नाही. म्हणाला, "सही तूच केली ना? तुला काय वाचता येत न्हाई? अंगणवाडी चालवितीस."

दहा वर्षं हे वाक्य माझ्याबरोबर राहिलं. भांडी घासताना, पोषण आहाराची रजिस्टरं भरताना, यांच्या उशाला बसून मशीनची चाकं फिरताना बघत असताना. वकिलाला विचारलं होतं. तो म्हणाला, फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा लावा, नंतर काही करता येणार नाही. हे म्हणाले, "भावावर दावा लावून कुणाचं भलं झालंय? अन् तारखांना मी येऊ का डायलिसिसला जाऊ?" २०१६ मध्ये हे गेले. तीन वर्षं कधी सरली कळलं नाही. नंतर सुप्याची औद्योगिक वसाहत वाढत गेली तसे जमिनींचे भाव कुठल्या कुठं गेले. भाच्यानं दोन एकर काढून दिले, बंगला बांधला. वास्तुशांतीला पत्रिका आली होती. मी ती चुलीत घातली नाही. ठेवली. का ठेवली, तेही एक विचारण्यासारखंच आहे.

आपल्याकडं म्हणतात, भावाची चूक पोटात घालावी. हा शब्द मला फार जुना आणि फार बायकी वाटतो. पुरुष चूक माफ करतो, साहेब माफी देतो, बाई पोटात घालते. मी पोटातच घातलं होतं. कुणाकडं बोलले नाही, माहेरची निंदा केली नाही, कुणी विचारलं तर "दादा बरा हाय" म्हणाले. पण पोटात घातलेलं पचलंच पाहिजे असा काही नियम नाही. माझं पित्त वाढलं. रात्री दोनला उठून बसायची. नगरला दुर्बिणीनं तपासलं तर आत काही नाही. डॉक्टर म्हणाले, "मावशी, मनाला काही लावून घेतलंय का?" मी म्हणाले, "न्हाई बा." पोटात घातलेली गोष्ट डॉक्टरला तरी कशी दाखवणार.

२०२४ च्या जानेवारीत दादाला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. आणि पाठोपाठ भावकी माझ्या दारात. चुलते, चुलतभाऊ, वहिनीचा भाऊ. "आक्का, आता तरी माफ कर. मानूस अडकलंय त्यात."

मी चहा ठेवला. चहा उकळेपर्यंत माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. अकरा वर्षांपूर्वी दादानं एका कागदावर माझा हक्क सोडवून घेतला, तेव्हा यांतलं कुणी आलं नव्हतं. आता माझ्याजवळ एकच हक्क उरला होता, रागाचा. तो काही नऊ एकरांत धरलेला नव्हता, त्याला सातबारा नव्हता, पण तो माझा होता. आणि आता हे सगळे मिळून मला सांगायला आले होते की तोही सोडून दे. म्हणजे दुसरी हक्कसोड. यावेळी लुगडं आणि पाचशे रुपयेसुद्धा नाहीत.

गावाला मिटवणं कळतं, माफ करणं कळतं का याची मला शंका आहे. २००७ च्या १५ ऑगस्टला सरकारनं महात्मा गांधींच्या नावानं तंटामुक्त गाव मोहीम काढली. गावोगाव समित्या झाल्या, बक्षिसं लागली. त्या मोहिमेनं खरोखरची भांडणं मिटली, कोर्टातले दावे मागं घेतले गेले, हे मी डोळ्यांनी बघितलंय आणि त्याला नावं ठेवणार नाही. आता तर सलोखा योजना आहे. एकाची जमीन दुसऱ्याच्या ताब्यात आणि दुसऱ्याची पहिल्याच्या, असं बारा वर्षं चाललेलं असेल तर हजार रुपये मुद्रांक आणि हजार रुपये नोंदणी, एवढ्यात अदलाबदल करून मिळते. चांगलंच आहे. पण या सगळ्यात कागद सरळ होतो, बोलाचाली सुरू होते, जत्रेत एका रांगेत बसता येतं. आत काय झालं हे कुणी विचारत नाही, आणि समितीनं विचारूही नये. मिटवणं हे दोघांत तिसरा बसून होतं. माफ करणं एकट्यानं करावं लागतं. पण आपल्या लोकांना मिटवायचं असलं की ते तोंडानं माफीच म्हणतात, तिथं घोटाळा होतो.

आणि आणखी एक. आमच्या गावात किराण्याचं दुकान असलेलं एक जैन कुटुंब आहे. पर्युषण संपलं की संवत्सरीला दुकानदार गिऱ्हाइकापुढं हात जोडतो, "मिच्छामि दुक्कडम." वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल तर क्षमा करा. लहान असताना मला याचं हसू यायचं. आता वाटतं, त्यात एक व्यवहार चोख आहे: मागणारा तो आहे, जो चुकला असू शकतो. माझ्या दारात मात्र न चुकलेले लोक आले होते, चुकलेल्याच्या वतीनं, जिचं गेलं तिच्याकडं मागायला. बहिणीनं माफ करावं, सुनेनं माफ करावं, गड्यानं माफ करावं. वरून खाली कुणी कुणाला "माफ कर" म्हणायला पाठवल्याचं मला आठवत नाही.

सप्ताहात कीर्तनकार सांगतात, मंबाजीनं तुकोबांना काट्यांनी झोडलं आणि रात्री तो कीर्तनाला आला नाही म्हणून तुकोबाच त्याच्या घरी जाऊन पाय चेपत बसले. नाथांच्या अंगावर तो थुंकत राहिला आणि नाथ पुन्हा पुन्हा गोदावरीत बुडी मारून आले. नेवासं आमच्याच जिल्ह्यातलं, जिथं ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तिच्या तेराव्या अध्यायात क्षांतीचं लक्षण आहे, दर पारायणात मी ते ऐकत आले. मला या गोष्टी खोट्या वाटत नाहीत. पण माझ्या जवळची वाटते ती ताटीची गोष्ट. लोकांनी छळलं म्हणून खुद्द ज्ञानेश्वर रुसून दार लावून आत बसतात, आणि बाहेर उभी राहून धाकटी मुक्ताई त्यांना समजावते. म्हणजे त्यांनाही राग आला होता. दार लावावंसं वाटलं होतं. आणि दार उघडलं ते बाहेर कुणीतरी आपलं उभं होतं म्हणून. माझ्या दाराबाहेर जे उभे होते ते माझे नव्हते.

लेक पुण्यात असते, कंपनीत. तिला सगळं फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आई, तू एखाद्या थेरपिस्टशी बोल. ऑनलाइन असतात. तुला कुठं जावं लागणार नाही." मी म्हणाले, "मला येड लागलंय का?" ती म्हणाली, "पित्तासाठी दुर्बीण घातलीस ना नगरला जाऊन? मग हीपण घाल."

पहिली मिळाली ती बरी नव्हती. कुठल्यातरी ॲपवरची, नाव सांगत नाही. अर्धं इंग्रजी बोलायची. पंधराव्या मिनिटाला म्हणाली, "तुम्ही त्यांना एक पत्र लिहा आणि जाळून टाका. स्वतःसाठी माफ करा. फील लाइट." मी विचारलं, "पोरी, तुझ्या बापाला जमीन हाय का?" ती गोंधळली. मी फोन ठेवला. चूक माझीही असेल, पण जिचं दुखणं एकरात आहे तिला हलकं वाटायला सांगून भागत नाही.

मग लेकीनं नीट शोधलं. तेव्हा मला कळलं की यातही पाट्या बघाव्या लागतात. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे डॉक्टर, ते औषध लिहितात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणजे ज्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडं नोंद असते, ते बोलून उपचार करतात, गोळ्या देत नाहीत. आणि बाकी समुपदेशक म्हणून पाटी कुणीही लावतं, त्यात चांगलेही असतात आणि आठवड्याचा कोर्स केलेलेही असतात. नोंदणी क्रमांक विचारायला लाजायचं नाही. २०२० च्या मार्चमध्ये, टाळेबंदीच्या तोंडावर, सरकारनं डॉक्टरांनी फोनवरून, व्हिडिओवरून कसं तपासायचं याची मार्गदर्शक तत्त्वं काढली, तेव्हापासून हे सगळं पसरलं. आणि ज्याला हजार रुपये परवडत नाहीत त्याच्यासाठी १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, २०२२ पासून. फुकट, मराठीत. मी आधी तो लावला होता. पलीकडच्या बाईनं शांतपणे ऐकून घेतलं, दोनदा. दर आठवड्याला एकच माणूस पाहिजे असं मला वाटलं म्हणून नाशिकची मॅडम घेतली. मॅडम म्हणजे माझ्या लेकीपेक्षाही लहान.

पहिल्या दिवशी तिनं विचारलं, "काकू, आत्ता तुम्ही कुठं बसला आहात? जवळ कुणी ऐकतंय का? मध्येच काही झालं तर मी कुणाला फोन करू?" मला ते आवडलं. आमच्याकडं मनातलं बोलायच्या आधी आजूबाजूला कोण आहे ते बघायची पद्धत आहेच, पण ते दुसऱ्यानं आपल्यासाठी बघावं हे पहिल्यांदाच झालं.

ती म्हणाली, "तुम्हाला माफ करायचं आहे, की लोक म्हणतात म्हणून करायचं आहे?"

मी म्हणाले, "मला झोप पाहिजे."

ती हसली. म्हणाली, "मग आपण माफीची घाई करायची नाही." तिनं मग सांगितलं की अमेरिकेत विस्कॉन्सिनला रॉबर्ट एनराइट नावाचे एक प्राध्यापक आहेत, त्यांनी जन्म याच विषयात घातलाय. त्यांच्या पद्धतीतली पहिली पायरी माफीची नाहीच. राग किती आहे, कशाचा आहे, त्यानं आपलं काय काय खाल्लं, हे उघडून बघण्याची आहे. माफ करणं म्हणजे त्याचं बरोबर होतं असं म्हणणं नव्हे, विसरणं नव्हे, आणि परत नातं जोडणंही नव्हे. जोडायचं की नाही हा वेगळा हिशोब.

मी म्हणाले, "म्हंजी मोजणी."

तिला कळेना. मी सांगितलं. बांधाचं भांडण असलं की शहाणा माणूस आधी भूमी अभिलेखकडं मोजणीचे पैसे भरतो. मोजणीवाला येतो, हद्दीच्या खुणा दाखवतो. मग कळतं की शेजाऱ्यानं खरंच किती कोरलंय. कधी चार गुंठे निघतं, कधी चार बोटं, आणि कधी उलट आपणच त्याच्यात निघतो. ते कळल्यावर मग सोडायचं तर सोड, भांडायचं तर भांड. न मोजता सोडलं तर काय सोडलं हेच माहीत नसतं आणि माणूस जन्मभर म्हणत राहतो, मी लई सोडलं.

"हां," ती म्हणाली, "आपण मोजणी करू."

पुढचे दोन-तीन महिने मोजणीच चालली. एकदा तिनं सांगितलं, समोर एक रिकामी खुर्ची ठेवा आणि तिथं दादा बसलेत असं समजून बोला. गच्चीवर खुर्ची कुठली. मी बादली पालथी घातली. आता पालथ्या बादलीला दादा म्हणायचं मला जमेना, हसूच येत राहिलं, आणि तिकडं जाऊबाई जिन्यावरून डोकावून बघून गेल्या. त्या दिवशी विम्याची गोष्ट बहुतेक संपली. पण हसता हसता कधी बोलायला लागले माझं मलाच कळलं नाही. मी बादलीला म्हणाले, "दादा, तू मागितलं असतं तर मी दिलं असतं रे. तुला सांगते, सगळं दिलं असतं. तू मागितलं का न्हाई?"

हे वाक्य मी दहा वर्षं सगळ्यांना सांगत आले होते. धाकटीला, लेकीला, यांना. माहेरच्या बायका हेच म्हणतात, कुठल्याही गावात जा. आम्हाला जमीन नको होती, मान पाहिजे होता. मागितलं असतं तर दिलं असतं.

मॅडम थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "काकू, दिलं असतं का?"

मला राग आला. फोन बंद करावासा वाटला. पण हजार रुपये भरलेले होते, आणि वीस मिनिटं उरलेली.

तो आठवडा मी वाईट काढला. खोटं कशाला सांगू, मला उत्तर पहिल्याच रात्री कळलं होतं. नसतं दिलं. यांची किडनी २०१३ मध्येच कमी चालली होती, डॉक्टरांनी सांगितलेलं होतं, पैसा लागणार हे मला माहीत होतं. दादानं सरळ मागितलं असतं तर मी म्हणाले असते, दादा, माझे तीन एकर मला पाहिजेत. आणि मी तसं म्हणाले असते हे दादाला माहीत होतं, म्हणूनच त्यानं मागितलं नाही.

आणि दुसरी खूण त्याहून खोल पुरलेली होती. कचेरीत तो कागद माझ्यासमोर होता. मी वाचत नाही असं होत नाही, मी भिंतीवरची जाहिरातसुद्धा वाचते. वर मोठ्या अक्षरांत हक्कसोडपत्र लिहिलेलं मी बघितलं होतं. एक क्षण. मग दादाकडं बघितलं. त्याचा चेहरा आबांसारखा दिसत होता, मुंडण केलेलं डोकं, केस नुकते फुटलेले. तिथं चार माणसांत "हे काय आहे?" विचारलं असतं तर माझं माहेर त्याच टेबलावर संपलं असतं. मी "हो" म्हणाले. म्हणजे दादाचं वाक्य, ज्यानं मला दहा वर्षं झोपू दिलं नाही, ते खरं होतं म्हणूनच टोचत होतं. तुला काय वाचता येत न्हाई?

म्हणून दादा निर्दोष ठरतो का? मुळीच नाही. माझं माहेर टेबलावर लावून त्यानं डाव खेळला, त्याला माहीत होतं मी उचलणार नाही. आधी मी समजत होते त्याहून त्याचा गुन्हा मोठा निघाला, कारण आधी मी म्हणायचे की त्यानं मला अडाणी समजलं. तसं नव्हतं. त्यानं माझ्या मायेचा अंदाज बरोबर बांधला आणि तो वापरला. पण मोजणीत माझ्या बाजूलाही काही निघालं. मी स्वतःला दानशूर बहीण म्हणून मिरवत होते, तेवढी पट्टी माझी नव्हती.

पुढच्या गुरुवारी हे सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर विचारलं, "आता ह्यात माफ कुनी कुनाला करायचं?" मॅडम म्हणाली, "दोन वेगळ्या गोष्टी आहेत काकू. एकीला घाई नाही आणि दुसरीला तुमची स्वतःचीच परवानगी लागते." हे जरा पुस्तकी वाटलं मला. पण त्या रात्री दोनला जाग आली नाही.

तिच्याशी माझं भांडण झालं ते एका गोष्टीवर, आणि ते अजून मिटलेलं नाही. एव्हरेट वर्दिंग्टन म्हणून अमेरिकेतलेच आणखी एक मानसशास्त्रज्ञ, माफीवरच काम करणारे. १९९५ च्या शेवटच्या रात्री चोर घरात शिरला आणि त्यांच्या म्हाताऱ्या आईचा खून झाला. ज्या विषयावर माणूस लोकांना शिकवत होता तो विषय त्याच्या दारात रक्तानं माखून उभा राहिला. आणि त्यानं माफ केलं. तो म्हणतो, माफी दोन तऱ्हेची: एक ठरवून केलेली, की मी सूड घेणार नाही, आणि दुसरी आतून होणारी, ती वेळ घेते. मॅडम म्हणाली, माफ करणाऱ्याची झोप सुधारते, रक्तदाब सुधारतो, असं या लोकांनी तपासलंय.

मी म्हणाले, "मग ते औषध झालं. माफी कुठली?" मला पित्त होतंय म्हणून मी दादाला माफ करणार असेन, तर त्यात दादा कुठं आला? तो नसला तरी चालेल, त्याच्या जागी बादली असली तरी चालेल. माझ्या पोटाच्या सोयीसाठी मी त्याचं कर्ज माफ केलं, त्याला पत्ताही नाही, हे मला गोठ्यातल्या गोठ्यात व्यवहार केल्यासारखं वाटतं. माफी म्हणजे त्याच्या तोंडाकडं बघून सांगायची गोष्ट. तू हे केलंस, एवढं केलंस, मला माहीत आहे, तरी मी तुला तेवढाच समजत नाही. त्याला ते कळलं पाहिजे. ऐकताना त्याचा डोळा खाली गेला पाहिजे. नाहीतर सोडून दिलं म्हणा, थकले म्हणा, माफी म्हणू नका.

"आणि त्यांनी कधीच कबूल केलं नाही तर? आता तर बोलताच येत नाही त्यांना."

हा तिचा प्रश्न होता. मला उत्तर आलं नाही. मेलेल्या माणसाला माफ करता येतं का, हाही त्याच पोटातला प्रश्न. तिला विचारलं तर म्हणाली, "काकू, मला नाही माहीत." हजार रुपये घेऊन मला नाही माहीत म्हणणारं माणूस मी पहिल्यांदा बघितलं. मी पुढच्या चार बैठकांचे पैसे लेकीला त्याच रात्री भरायला लावले.

ऑगस्टात राखीपौर्णिमा आली, १९ तारखेला, सोमवार. मी कुणाला सांगितलं नाही. मॅडमलाही नाही. सकाळची एस.टी. धरली. रस्त्यानं सगळीकडं वाटाण्याची तोडणी चाललेली, बायका ओळीनं वाकलेल्या, पिशव्या पिकअपमध्ये भरताहेत. पाऊस वेळेवर झाला की पारनेरच्या पठाराला या दिवसांत वेगळाच वास असतो.

वहिनीनं दार उघडलं आणि तोंडाला पदर लावला. दादा पडवीत खाटेवर, भिंतीला टेकून. तोंड एका बाजूला ओढलेलं. मला बघून डावा हात उचलला, उजवा उचलतच नाही. डाव्या हाताला राखी कशी बांधायची? मी त्याचा उजवाच हात मांडीवर घेतला. थंड होता. बांधली.

मग वहिनीला म्हणाले, "तू जरा आत जा." ती गेली.

मी म्हणाले, "दादा, मी तुला माफ करायला आले न्हाई. लोक सांगतील आक्का माफ करून गेली, तसं न्हाई. तू मला फसवलं. मला कळत होतं अन् मी सही केली, ते माझं मी बघते. पण तू फसवलं. माझा मानूस तिकडं मशीनला होता तवा तू मला वाचता येत न्हाई का म्हणाला. हे तुला ठावं पायजे म्हनून आले."

तो माझ्याकडं बघत होता. किती कळलं, कळलं की नाही, देवाला माहीत. डॉक्टर म्हणतात त्याला समजतं सगळं, बोलता येत नाही. मग त्याच्या घशातून काहीतरी आलं. दोनदा आलं. मला आधी वाटलं पाणी मागतोय. तिसऱ्यांदा कळलं. "बाई, बस."

माफीचा शब्द नव्हता तो. मी तसा अर्थ लावणार नाही, लावला तर मोजणीत पुन्हा लबाडी होईल. पाहुणी आली तर माणूस बस म्हणतो. पण त्याचा डोळा खाली गेला होता, आणि तो पडलेल्या बाजूचा होता की चांगल्या, हे मी घरी येईपर्यंत आठवत राहिले. आठवलं नाही.

मी बसले. जेवले. निघताना भाच्यानं वाटाण्याची गोणी रिक्षात टाकली. विचारलं, "कुठल्या रानातला रे?" तो जरा थबकला. म्हणाला, "विहिरीखालचा, आत्या." म्हणजे माझ्या तुकड्यातला. अकरा वर्षं मी त्या रानाचं काही तोंडात घातलं नव्हतं. गोणी उतरवून ठेव म्हणायला तोंड उघडलं होतं, पण रिक्षावाल्यानं किक मारली.

घरी येऊन अर्धी गोणी आळीत वाटली. जाऊबाईंना जास्त दिला, त्यांच्याशी विम्याचं खोटं बोलले होते म्हणून. उरलेला गुरुवारी गच्चीवर सुपात घेऊन सोलत बसले. चार वाजता फोन वाजला. मॅडम म्हणाली, "काकू, कशा आहात?" मी म्हणाले, "पाच मिनटं थांब गं पोरी, हात भरलेत."